डीएसएलआर घ्यायचा की मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा? आधी गिऱ्हाईक कोण ते सांगा

‘ताई, पन्नास-साठ हजार जमवलेत, फोटोग्राफीचा जोडधंदा सुरू करायचाय. डीएसएलआर घेऊ की तो लांबचं ओढणारा, मोठ्या झूमचा?’ हा प्रश्न मला बॅचमध्ये, व्हिडिओखाली आणि दुकानाच्या काउंटरवरही येतो. माझं दुकान बारामतीत, फोटो प्रिंट आणि फ्रेमिंगचं. त्यामुळे कॅमेऱ्याच्या जाहिराती कमी आणि कॅमेऱ्यातून निघालेले फोटो जास्त बघितलेत. मोबाईलच्या स्क्रीनवर सगळेच फोटो छान दिसतात. बारा बाय अठराची प्रिंट काढली की मग कळतं कोण किती पाण्यात आहे.

या प्रश्नावर माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: तुमचं गिऱ्हाईक कोणत्या फोटोचे पैसे देणार? ‘सगळेच काढणार ताई, लग्नं पण, पक्षी पण, प्रॉडक्ट पण’ असं उत्तर आलं, तर साठ हजार खिशातच ठेवा. सगळं काढणारा कॅमेरा साठ हजारांत मिळत नाही. दुकानदार मात्र ‘मिळतो’ म्हणून सांगतो, आणि गडबड तिथेच सुरू होते.

आधी दोन्ही वस्तू नीट समजून घेऊ.

डीएसएलआर म्हणजे ज्याची लेन्स काढता-घालता येते आणि आत आरसा असतो तो. आज काम असेल तशी लेन्स लावायची. ब्रिज कॅमेरा, म्हणजेच सुपरझूम, दिसायला अगदी तसाच. तशीच जाडजूड ग्रिप, तसाच काळा रंग. पण त्याची लेन्स कायमची बसवलेली असते. काउंटरवर कुणी ‘डीएसएलआरच आहे, फक्त झूम जास्त’ म्हणालं, तर एकच सांगायचं, ‘लेन्स काढून दाखवा.’ निघाली नाही तर तो डीएसएलआर नाही. वाईट वस्तू आहे असं मी म्हणत नाही, वेगळी वस्तू आहे एवढंच.

८३एक्स म्हणजे ८३ पट मोठं नव्हे

बॉक्सवरचा एक्सचा आकडा बघून बरेच जण भुलतात. त्याचा अर्थ साधा आहे: लेन्सचं सगळ्यात लांबचं टोक भागिले सगळ्यात जवळचं टोक. निकॉनचा पी ९०० हा २०१५ साली आला. त्याची रेंज २४ ते २००० एमएम, म्हणून ८३एक्स. २०१८ चा पी १००० हा २४ ते ३००० एमएम, म्हणून १२५एक्स. त्याच वर्षीचा कॅननचा एसएक्स ७० हा २१ ते १३६५, म्हणून ६५एक्स. डीएसएलआरसोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स याच हिशोबाने फक्त ३एक्स होते. मग ३ आणि ८३ शेजारी-शेजारी ठेवले की माणूस म्हणणारच, ‘अरे, हा तर कितीतरी भारी!’

आता यातली मेख बघा. पी ९०० ची लेन्स खरोखर २००० एमएमची नाही. ती आहे ३५७ एमएमची. २००० हा आकडा जुन्या ३५ एमएम फिल्मच्या तुलनेत सांगितलेला आहे. आतला सेन्सर नखाएवढा लहान असल्यामुळे तो समोरच्या दृश्याचा छोटासा तुकडाच उचलतो, आणि तोच तुकडा फ्रेमभर दिसतो. म्हणून लेन्स हातात मावते, कॅमेरा किलोच्या आत बसतो आणि किंमतही आवाक्यात राहते. डीएसएलआरवर तेवढीच पोच हवी असेल तर तेराशे एमएमच्या पुढची लेन्स लागेल. तशी लेन्स बाजारात सहज मिळत नाही. तिच्या निम्म्याच्या आसपासची, ६०० एमएमची चांगली लेन्ससुद्धा कित्येक लाखांत जाते.

म्हणजे झूम फुकट मिळत नाही. त्याची किंमत उजेडात मोजावी लागते.

पाऊस पडतोय आणि तुम्ही अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवली, असं समजा. दोन मिनिटांनी कशात जास्त पाणी साठेल? सेन्सरचं तसंच आहे. साध्या ब्रिज कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे २८ चौरस मिलिमीटरच्या आसपास. निकॉनच्या नेहमीच्या डीएसएलआरचा २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६० च्या पुढे. तेरापट फरक! धो-धो पाऊस असेल, म्हणजे भर उन्हात, तर वाटीही भरते आणि परातही. दोन्ही फोटो छान येतात. रिमझिम असेल, म्हणजे मंगल कार्यालयात पिवळे दिवे आणि मांडवाचा पडदा असेल, तर वाटीत थेंबभरच जमतं. मग कॅमेरा आयएसओ वाढवून ते थेंब ताणतो. फोटोवर रांगोळी सांडल्यासारखे दाणे येतात, नवरीच्या शालूची जर पुसली जाते, चेहरा मेणाचा दिसतो. मोबाईलवर गिऱ्हाईक काही बोलत नाही. अल्बम हातात पडल्यावर बोलतं.

मेगापिक्सेलचं म्हणाल तर ते डोक्यातून काढून टाका. पी ९०० चे १६ मेगापिक्सेल साधारण पंधरा बाय साडेअकरा इंचाच्या स्वच्छ प्रिंटला पुरतात. माझ्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्वद ऑर्डर त्याहून लहान असतात. अडतं ते उजेडाला.

ज्याला ब्रिज कॅमेराच घ्यायला हवा

आमच्या इथून भिगवण जवळ. उजनीच्या बॅकवॉटरला हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, आणि कुंभारगावच्या बाजूला बोटिंग आणि होमस्टेवर कित्येक घरं चालतात. समजा तुमची तिथे बोट आहे. मोठमोठ्या लेन्स घेऊन येणारे पुण्या-मुंबईचे फोटोग्राफर तुमच्याकडून फोटो विकत घेणार नाहीत, त्यांना फक्त बोट हवी. पण त्याच बोटीत आजी-आजोबा, दोन पोरं आणि मोबाईल घेऊन आलेलं कुटुंबही बसतं. त्यांच्या मोबाईलमध्ये पक्षी म्हणजे पाण्यावरचे गुलाबी ठिपके! हे कुटुंब तुमचं गिऱ्हाईक.

कुटुंबाला काय द्यायचं? पक्ष्याचा एक जवळून काढलेला फोटो, आणि ते स्वतः बोटीत बसलेत व मागे थवा आहे असा एक. दुसऱ्या फोटोची युक्ती अशी: त्यांच्या बोटीतून काढू नका. काठावरून किंवा दुसऱ्या बोटीतून, बरंच लांब थांबून, झूम तीनशे-चारशेपर्यंत नेऊन काढा. लांबून झूम केला की मागचा थवा बोटीच्या अगदी पाठीशी आल्यासारखा दिसतो, आणि पक्ष्यांजवळ जावंही लागत नाही. मला यातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. फोटोसाठी बोट थव्यात घातली की पक्षी उडतात. रोज उडवले तर ते जागा बदलतील, आणि मग कॅमेराही विकायला काढावा लागेल आणि बोटही.

इथे डीएसएलआर का नको? साध्या बॉडीवर ७०-३०० ची लेन्स लावली तर पोच होते ४५० एमएमची. ब्रिजची २००० ची फ्रेम त्या फोटोतून कापून काढायची म्हटलं तर २४ मेगापिक्सेलमधले सव्वा मेगापिक्सेलच हाती उरतात. प्रिंट व्हिजिटिंग कार्डापेक्षा थोडी मोठी. मग १५०-६०० ची लेन्स घ्यायची तर दोन किलोच्या आसपास वजन, डुलणारी बोट, आणि बॉडीसकट खर्च दीड लाखाच्या घरात.

आता आकडे मांडू. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे तुम्ही बदला. एका कुटुंबाकडून ३०० रुपये, सुट्टीच्या दिवशी तीन कुटुंबं तयार झाली, आठवड्याचे दोन दिवस, हंगामाचे सोळा आठवडे. ३०० गुणिले ३ गुणिले ३२, म्हणजे २८,८०० रुपये. पन्नास हजारांचा ब्रिज कॅमेरा दोन हंगामांत सुटतो. दीड लाखाचा संच सुटायला पाच हंगाम जातात, आणि तोवर लेन्सला बुरशी लागली नाही तर नशीब! शिवाय त्याच ब्रिज कॅमेऱ्यावर होमस्टेच्या खोल्या, पिठलं-भाकरीचं ताट, सूर्यास्त, सगळे जाहिरातीचे फोटो निघतात. एकाच लेन्समध्ये २४ पासून सगळं आहे. कडबनवाडीच्या गवताळ रानात चिंकारा दाखवायला पाहुणे नेत असाल तर तिथेही हाच कामाचा. जीपमधल्या धुळीत लेन्स बदलण्याची भानगड नाही.

दोन गोष्टी मात्र आधीच माहीत असू द्या. एक, उडता पक्षी या कॅमेऱ्यात पकडणं अवघड जातं. फोकस पुढे-मागे शोधत बसतो तोवर पक्षी फ्रेमबाहेर गेलेला असतो. गिऱ्हाईकाला बसलेल्या पक्ष्याच्या फोटोचा शब्द द्या, उडत्याचा नको. दोन, दुपारी पाण्यावरची हवा तापून थरथरते आणि लांबच्या झूमचे फोटो कितीही स्थिर हात ठेवला तरी मऊ येतात. त्यात कॅमेऱ्याचा दोष नसतो. सकाळी लवकरची फेरी घ्या.

आणि ज्याने ब्रिजकडे बघूही नये

हळद, साखरपुडा, बारसं, डोहाळजेवण, शाळेचं गॅदरिंग. ही कामं घराच्या किंवा हॉलच्या आत, कमी उजेडात, हलणाऱ्या माणसांची. पोच किती लागते? दहा फूट. फार तर वीस. तुमच्या ८३एक्समधले ८० एक्स तिथे नुसते पडून राहणार, आणि ज्या सेन्सरची गरज आहे तोच नेमका नसणार.

इथे डीएसएलआर घ्या, पण किट लेन्सवर थांबू नका. १८-५५ ची लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ ला जाते. ५० एमएमची एफ १.८ लेन्स, जिला सगळे लाडाने ‘निफ्टी फिफ्टी’ म्हणतात, तिच्यातून त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. दहापट! बारशाच्या पाळण्यावर वाकलेली आत्या फ्लॅश न मारता टिपता येते, बाळही दचकत नाही. नवीन माणसाने बॉडीत पैसे कमी घालावेत आणि ते या लेन्समध्ये व एका चांगल्या फ्लॅशमध्ये घालावेत, असं माझं ठाम मत आहे. महागड्या बॉडीवर किट लेन्स लावून फिरणारे मी खूप बघते. त्यांच्या प्रिंट आणि जुन्या बॉडीवर ५० लावणाऱ्याच्या प्रिंट शेजारी ठेवल्या की बघणारा दुसरी उचलतो. सोबतच्या व्हिडिओत तसे दोन प्रिंट दाखवलेत, बघून घ्या.

आता तुम्ही म्हणाल, ‘ताई, डीएसएलआर तर संपला ना?’ खरंय, २०२० नंतर कॅनन आणि निकॉन दोघांनीही नवीन डीएसएलआर आणलेला नाही. सगळा जोर मिररलेसवर आहे. बजेट लाखाच्या पुढे असेल तर सरळ मिररलेस बघा. पण साठ हजारवाल्यासाठी ही चांगली बातमी आहे. जुने फोटोग्राफर मिररलेसकडे गेलेत आणि त्यांच्या धड अवस्थेतल्या बॉडी आणि लेन्स सेकंडहँड बाजारात उतरल्यात. शालूला बॉडी २०१६ ची आहे की कालची, ते कळत नाही.

सेकंडहँड घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. एंट्री-लेव्हल बॉडीचं शटर साधारण एक लाख क्लिकच्या हिशोबाने बनवलेलं असतं. निकॉनमध्ये किती क्लिक झाले तो आकडा फोटोच्या फाइलमध्येच सापडतो. कॅननसाठी वेगळं सॉफ्टवेअर किंवा सर्व्हिस सेंटर लागतं. लेन्समध्ये एका बाजूने मोबाईलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. कोकणातली, मुंबईतली लेन्स असेल तर दोनदा बघा. एफ १६ वर कोऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांनी दिसते.

अजून दोन खोड्या आहेत, त्या विकणारा सांगत नाही. निकॉनच्या डी ३५००, डी ५६०० यांसारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यामुळे स्वस्तात मिळालेली जुनी एएफ-डी लेन्स त्यांवर बसते, पण ऑटोफोकस करत नाही. भर हळदीत हाताने फोकस फिरवत बसाल. आणि कॅननच्या २०० डी मार्क टूच्या फ्लॅश लावायच्या जागेत मधली पिन दिलेली नाही, म्हणून साधा स्वस्त मॅन्युअल फ्लॅश त्यावर उडतच नाही. फ्लॅश घेण्याआधी तुमच्याच कॅमेऱ्यावर लावून उडवून बघा. ब्रिज कॅमेरा मात्र सेकंडहँड घेऊ नका असं मी सांगते. झूमची मोटर अडकली किंवा आत बुरशी गेली तर लेन्स बदलता येत नाही, सगळा कॅमेराच दुरुस्तीला जातो. तुमचं कामही त्याच्यासोबत बंद.

इमिटेशन ज्वेलरी, पैठणीच्या पर्स, लोणची-मसाले विकणाऱ्या ताई-दादांनो, तुम्ही या भांडणात पडूच नका. वस्तू हलत नाही, उजेड तुमच्या हातात आहे. खिडकीजवळचं टेबल, पांढरा ड्रॉइंग पेपर, समोरून थर्माकोलची शीट आणि तुमचा आत्ताचा फोन. ट्रायपॉडसकट दीड-दोन हजारांत काम होतं. राहिलेल्या पैशात माल भरा.

पैसे देण्याआधी

कॅमेऱ्याची किंमत म्हणजे धंद्याचा खर्च नव्हे. लग्न-बारशाच्या कामाचा संच धरा: सेकंडहँड बॉडी किट लेन्ससकट, ५० ची लेन्स, फ्लॅश, दोन बॅटऱ्या, दोन कार्डं, बॅग, हवाबंद डबा आणि सिलिका जेल. समजा ५२ हजार झाले. एका छोट्या कार्यक्रमातून प्रवास, एडिटिंग, प्रिंट वजा जाता दोन हजार उरले, तर २६ कार्यक्रमांनंतर पहिला रुपया तुमचा. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि चातुर्मासात हॉल ओस पडतात. नवख्या माणसाला एका हंगामात २६ ऑर्डर मिळतील का? मला तरी कठीण वाटतं.

म्हणून पहिला हंगाम भाड्यावर काढा. पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात, आणि ओळखीचा फोटोग्राफर असेल तर गावातही. दिवसाचं भाडं हजार धरलं तर दोन हजारांतले एक हजार भाड्यात जातील, मान्य. पण ऑर्डर आली नाही तर खर्चही शून्य. हंगामात भाडं पंचवीस हजारांच्या पुढे गेलं की समजा काम खरंच आहे, आणि मग संच विकत घ्या. भाड्याच्या दिवसांत तुम्हाला हेही कळतं की आपला हात कोणत्या कामात बसतो. माझ्या बॅचमधल्या एका मुलाला लग्नाचं करायचं होतं. तीन लग्नं केल्यावर म्हणाला, ‘ताई, ही माणसं सांभाळणं आपल्याला जमत नाही, मी आपला शेतावरच्या पक्ष्यांकडे जातो.’ आज तो मित्राच्या कृषी पर्यटन केंद्रावर पाहुण्यांना पक्षी दाखवतो, आणि त्याच्या गळ्यात ब्रिज कॅमेरा आहे.

कर्ज काढणार असाल तर मुद्राच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं. बँकेत जाताना कोटेशनसोबत वर केला तसा हिशोब एका कागदावर लिहून न्या. मॅनेजरचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

जीएसटीचं थोडक्यात: नव्या कॅमेऱ्याच्या बिलात १८ टक्के जीएसटी असतो. तुमची नोंदणी असेल आणि तुम्ही कंपोझिशनमध्ये नसाल, तर बिल धंद्याच्या नावाने, तुमच्या जीएसटी नंबरासकट घ्या, म्हणजे तेवढ्या कराचं क्रेडिट मिळतं. ज्या रकमेचं क्रेडिट घेतलं त्यावर घसारा धरायचा नाही, हे तुमच्या अकाउंटंटला आठवण करून द्या. नोंदणी नसेल तर हा कर तुमच्या खर्चातच धरा. फोटोग्राफीच्या सेवेला वर्षाला २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणीची सक्ती नाही. घरगुती विक्रेत्याकडून सेकंडहँड घेतलात तर क्रेडिटचा प्रश्नच येत नाही, पण त्याच्याकडून मूळ बिल मागा, बॉडीवरचा सिरियल नंबर बिलाशी ताडून बघा आणि विकल्याची दोन ओळींची सही घ्या. बिल हरवलंय म्हणाला तर तो कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी हात लावू नका.